बर्लिन: जिथे भिंत होती तिथे

बर्लिनला एका दिवसासाठी जाणारे बहुतेक पाहुणे ब्रांडेनबुर्ग गेटपाशी फोटो काढतात आणि संसदेच्या काचेच्या घुमटाकडे वळतात. दोन्ही पाहण्यासारखं आहे. घुमटासाठी नावनोंदणी मात्र आधीच करून ठेवावी. पण दिवस एकच हाताशी असेल, तर तो बर्लिनची भिंत जिथून जात होती त्या बर्नाउअर श्ट्रास या रस्त्याला द्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. मला तो दाखवला लाइपझिगच्या माझ्या होस्ट आईनं. शिकायला गेले तेव्हा मी त्यांच्या घरी राहत होते. त्यांचं बालपण पूर्व जर्मनीत गेलेलं.

लाइपझिगहून बर्लिन रेल्वेनं साधारण सव्वा तास. मुख्य स्थानकावर गाडी बदलून आम्ही आधी फ्रीडरिशश्ट्रासला उतरलो. स्थानकाला लागून १९६२ साली उभारलेलं काचेचं दालन आहे. शहर दुभंगलेलं असताना पूर्व बर्लिनमधून पश्चिमेला निघालेल्यांची तपासणी इथे होई आणि निरोप द्यायला आलेल्यांना दाराबाहेरच थांबावं लागे. म्हणून लोकांनी त्याला ‘अश्रूंचा महाल’ म्हटलं. १९६४ पासून निवृत्त झालेल्या वृद्धांना पश्चिमेतल्या नातलगांकडे जायची मुभा मिळाली. घरातल्या तरुणांना ती नव्हती. माझ्या होस्ट आईची आजी इथूनच पश्चिम बर्लिनमधल्या बहिणीकडे जायची. आज तिथे विनामूल्य संग्रहालय आहे आणि पासपोर्ट तपासणीची जुनी अरुंद जागाही जपली आहे. होस्ट आई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. “आजी आत गेल्यावर पुढे काय होतं, हे आम्हाला कधी दिसलंच नाही,” म्हणाल्या.

तिथून नॉर्डबानहोफ स्थानक जवळच. शहर दुभंगलं तेव्हा पश्चिमेच्या काही गाड्या पूर्वेच्या जमिनीखालून जात, पण मधल्या स्थानकांवर थांबत नसत. अंधारे फलाट, वर पहारेकरी. नॉर्डबानहोफ त्यांतलंच एक. जिना चढून वर आलं की बर्नाउअर श्ट्रास सुरू होतो.

१३ ऑगस्ट १९६१ ला सीमा बंद झाली तेव्हा या रस्त्याचं काय झालं, ते नीट समजून घ्यावं. एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये, पण त्यांच्या दारापुढचा फुटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये. उंबरठा हीच सीमा. दारं बंद झाल्यावर माणसं खिडक्यांतून उतरू लागली, उड्या मारू लागली. खाली पश्चिमेचे अग्निशामक जवान जाळी धरून उभे. इडा झीकमान यांनी २२ ऑगस्टला तिसऱ्या मजल्यावरून आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मग उडी मारली. त्या वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता. भिंतीपायी गेलेल्या किमान १४० जणांमधल्या त्या पहिल्या. पुढे खिडक्या विटांनी बुजवल्या, घरं पाडली. १९६४ च्या ऑक्टोबरात याच रस्त्याखालच्या बोगद्यातून ५७ जण निसटले.

आज इथे सुमारे १.४ किलोमीटर लांबीचं स्मारक आहे. भिंतीचा थोडा भाग तसाच ठेवलाय. बाकी ठिकाणी तिच्या रेषेवर गंजलेल्या पोलादी कांबी उभ्या केल्यात आणि त्यांच्यामधून सहज आरपार जाता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं: भिंत कुठे होती ते दिसतं, पण ती कुणाला अडवत नाही. सीमेवरच्या पहाऱ्याच्या पट्ट्यात १८९४ चं एक चर्च अडकलं होतं. पूर्वेच्या सरकारनं ते १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडलं. २००० साली त्याच जागी मातीचं प्रार्थनाघर उभं राहिलं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांसारख्या जाड भिंती, पण मातीत जुन्या चर्चचाच चुरा कालवून थरावर थर चोपलेल्या. भोवती राय या धान्याचं शेत. जिथे पहारेकरी बंदूक घेऊन फिरत, तिथे दरवर्षी पेरणी आणि कापणी होते. होस्ट आईनं एक कणीस हातात धरून पाहिलं, तोडलं नाही.

दुपारी मी त्यांना यू-३ मेट्रोनं शहराच्या डालेम भागात नेलं. तिथल्या एका संशोधन संस्थेत १९२८ मध्ये इरावती कर्वे पुण्याहून मानववंशशास्त्र शिकायला आल्या होत्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझींच्या वंशविचाराला शास्त्राचा आधार पुरवणारे. कवट्यांची मोजमापं करून वंशावंशांतला फरक दिसावा, ही त्यांची अपेक्षा. विशीतल्या इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसा फरक दिसत नाही, असंच प्रबंधात लिहिलं. त्या संस्थेची इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे आणि संस्थेचा काळा इतिहास सांगणारा फलक दाराशी आहे. होस्ट आईला फिशर ठाऊक होते, इरावतीबाई नव्हत्या. परतीच्या गाडीत लाइपझिग येईपर्यंत मी त्यांना ‘युगान्त’ या त्यांच्या पुस्तकाबद्दल आणि बाईंनी वारकऱ्यांसोबत केलेल्या पायी वारीबद्दल सांगत होते, आणि त्या मधे मधे थांबवून नावं वहीत लिहून घेत होत्या.