चेहरा ओळखतो कोण – डोळे की मेंदू?

लग्नसराईत एक तक्रार हमखास कानावर पडते. "समोरून गेले, पण साधी ओळखही दाखवली नाही. पैसा आला की माणूस बदलतो!" ज्याच्याविषयी हे बोलले जाते, त्याला समोरचा चेहरा नीट दिसला नसेल, किंवा दिसूनही ओळखता आला नसेल, ही शक्यता सहसा कोणी विचारात घेत नाही. त्यामुळे नात्यात विनाकारण कटुता येते आणि कधीकधी आजारही लक्षात येत नाही.

ओळख पटते कशी?

डोळ्याच्या आत मागील बाजूस दृष्टिपटल हा पडदा असतो. त्याचा मधला लहानसा भाग बारकावे टिपतो. हे संदेश मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या मागच्या भागात पोहोचतात. तेथून पुढे, मेंदूच्या खालच्या अंगाला, विशेषतः उजव्या बाजूस, चेहऱ्यांसाठी खास काम करणारा एक भाग असतो. अमेरिकेतील नॅन्सी कॅनविशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एमआरआय चित्रणाच्या साहाय्याने त्याचे वर्णन केले.

आपण नाक, डोळे, ओठ सुटेसुटे तपासत नाही. त्यांची ठेवण व त्यांमधील अंतरे मिळून एक अखंड चेहरा पाहतो. घरी करून पाहा. लग्नाच्या अल्बममधील मोठा फोटो उलटा धरा आणि मंडळी ओळखा. रोजच्या पाहण्यातली माणसेही चटकन ओळखू येत नाहीत. घराचा फोटो उलटा धरला तर मात्र इतकी अडचण येत नाही.

चष्मा ही खूण, चेहरा नव्हे

गांधीजी १९३६ साली आपल्या जिल्ह्यातील शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. २ ऑक्टोबरला शाळेत एखादा मुलगा गोल चष्मा लावून, पंचा नेसून, काठी घेऊन उभा राहिला की तो कोण झाला आहे हे सांगावे लागत नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या २०१४ च्या बोधचिन्हात तर नुसता चष्माच पुरला. पण ही ओळख खुणेची आहे, चेहऱ्याची नव्हे.

काही माणसे आयुष्यभर अशा खुणांवरच भागवतात. चाल, आवाज, मिशी, टोपी यांवरून ती माणूस ओळखतात. मिशी काढली की ओळख संपली! जर्मनीतील डॉ. योआखिम बोडामर यांनी १९४७ साली या दोषाला 'प्रोसोपॅग्नोशिया' हे नाव दिले. त्याला आपण 'चेहरा-अंधत्व' म्हणू. डोक्याला मार लागल्याने किंवा पक्षाघातामुळे तो उद्भवतो. काहींना जन्मापासूनच असतो. अशांची नजर आणि बुद्धी उत्तम असू शकते. त्यांना गर्विष्ठ किंवा वेंधळे ठरवणे अन्यायाचे आहे.

घरातील वृद्ध ओळखेनासे झाले तर

"म्हातारपणी असे व्हायचेच" म्हणून गप्प बसू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) चेहरा ओळखत नाहीत, पण आवाज ऐकताच नाव घेतात. येथे डोळ्यांचा दोष असण्याचा संभव जास्त. मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रियेने दृष्टी सुधारते. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला असेल, तर चालता-फिरता येते, पण समोरच्याचा चेहरा मात्र पुसल्यासारखा दिसतो. एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे. सरळ कड वाकडी दिसल्यास लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे. या विकाराच्या एका प्रकारात वेळेवर इंजेक्शने मिळाल्यास दृष्टी वाचू शकते.

२) आवाज ऐकूनही 'हा कोण' ते कळत नाही, नावे व रस्तेही विसरतात. असे हळूहळू वाढत गेल्यास स्मृतिभ्रंशाची तपासणी करावी.

३) ओळख एकाएकी गेली. सोबत तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे असेल, तर पक्षाघात समजून तात्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळवणारे औषध सुमारे साडेचार तासांच्या आतच देता येते. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

बाळाची नजर

नवजात बाळही चेहऱ्यासारख्या आकृतीकडे अधिक पाहते. ही आवड उपजत असली तरी पहिल्या काही महिन्यांतील पाहण्याने तिला वळण लागते. जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या आणि दोन ते सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची कॅनडात तपासणी झाली. अनेक वर्षे चांगले दिसत असूनही, चेहऱ्याच्या ठेवणीतील सूक्ष्म फरक त्यांना इतरांइतके ओळखता येत नव्हते, असे २००१ साली प्रसिद्ध झाले.

म्हणून बाळाच्या बुबुळात पांढरी झाक दिसली, किंवा तीन महिन्यांचे होऊनही ते आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसेल, तर एक आठवडाही दवडू नये. वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालय, तिन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूची तपासणी होते. अंगणवाडीत चौकशी करावी.

आणि शेवटी एक साधी सवय. वयस्कर माणूस भेटला की "ओळखलंत का मला?" अशी परीक्षा घेऊ नये. आधी आपले नाव आणि गाव सांगावे, मग नमस्कार करावा. त्यांची अडचणही टळते आणि आपला रागही.