कळसूबाईची पहिली बॅच: पोस्टर नंतर, आधी हिशोब

"सर, मला ट्रेकिंगची आवड आहे, यातून बिझनेस होईल का?" हा प्रश्न व्हिडिओखाली सारखा येतो. होईल. पण आवड वेगळी आणि लोकांना पैसे घेऊन डोंगरावर नेणं वेगळं. आज आपण कळसूबाईचं उदाहरण घेऊ. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. पायथ्याचं गाव बारी, तालुका अकोले. दोर लावून चढायची गरज नाही, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. म्हणूनच नवखे लोक इथे येतात, आणि म्हणूनच तुमची जबाबदारी वाढते.

१) आधी हिशोब

समजा पुण्याहून १७ सीटची गाडी केली. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे टाका.

- गाडी: ९,००० रु.
- दोन लीडर: ३,००० रु.
- बारीतला स्थानिक वाटाड्या: १,००० रु.
- प्रथमोपचार आणि किरकोळ: १,००० रु.

झाला १४,००० रु. ठरलेला खर्च. एक माणूस आला काय नि पंधरा आले काय, हा द्यावाच लागतो. वर नाश्ता, जेवण वगैरे माणशी ३०० रु.

आता दुसऱ्याचं पोस्टर बघून तुम्ही फी ठेवली १,३०० रु. माणशी हातात राहिले १,०००. म्हणजे १४ माणसं आली तर ना नफा ना तोटा. दोन लीडर बसले की गाडीत सीट उरतात १५. गाडी फुल्ल झाली तरी कमाई फक्त १,००० रु., आणि दोघं गळाले की तेवढाच तोटा!

फी १,५०० केली तर १२ माणसांत खर्च निघतो, १५ आले तर ४,००० रु. सुटतात. माझ्या दुकानात माल विकताना मी हाच हिशोब करतो. स्वस्त देऊन गर्दी होते, गल्ला भरेलच असं नाही.

२) वेळ उलटी मोजा

चढायला साधारण तीन तास, उतरायला दोन-अडीच. पावसाळ्यात रविवारी शिड्यांपाशी रांग लागते, तो वेळ वेगळा धरा. सकाळी सहाला निघालात तर "साडेदहाला जिथे असू तिथून मागे फिरायचं" हे आधीच ठरवा आणि सगळ्यांना गाडीतच सांगा. दीड-दोनपर्यंत गावात येऊन पिठलं-भाकरी खाता येते. ड्रायव्हरची झोपही या वेळापत्रकातच बसवा. रात्रभर गाडी चालवून त्यानेच लगेच परत आणायचं, असं नको.

३) माणसं कुठे उभी करायची

एक लीडर पुढे, एक सगळ्यात मागे. माझ्या पहिल्या बॅचला आम्ही दोघंही पुढेच होतो. मागे एक ताई शिडीच्या मध्यावर घाबरून थांबल्या, आणि ते आम्हाला दहा मिनिटांनी कळलं. काही झालं नाही, पण ते नशीब होतं, नियोजन नव्हतं. स्थानिक वाटाड्याचे पैसे कधी वाचवू नका. ढग कधी उतरतात, कुठली वाट निसरडी होते, हे त्याला कळतं.

४) कागद आणि नियम

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. हा भाग अभयारण्याच्या हद्दीत येतो, म्हणून प्रवेशाचे नियम निघण्याआधी विचारून घ्या. प्रत्येकाकडून आजार, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहून घ्या. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा.

५) रिफंडचा नियम आधीच लिहा

हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा. वीज कडाडत असताना लोखंडी शिडीवर कोणालाही चढवायचं नाही. पण समोर १५ जण म्हणतात, "पैसे भरलेत, वरपर्यंत न्या." तेव्हा रिफंडचा विचार डोक्यात आला की निर्णय चुकतो. म्हणून बुकिंगच्या वेळीच लिहून द्या: हवामानामुळे मागे फिरलो तर काय मिळेल, आयत्या वेळी कोणी रद्द केलं तर किती कापले जातील. पैशाचं घरीच ठरलं असेल, तर डोंगरावर फक्त माणसांचा विचार करता येतो.

शिखर हुकलेला माणूस पुढच्या वेळी परत येतो. त्याला सुखरूप घरी पोचवलंत तर येताना मित्रालाही आणतो.

या आठवड्यात एकच काम करा: वहीत तुमच्या बॅचचा ठरलेला खर्च आणि माणशी खर्च वेगवेगळा लिहा. पोस्टर त्यानंतर.