स्टेंट बसला, मग गोळ्या कशाला?



सहा वर्षांपूर्वी आम्हाला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याच रात्री हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्यात आला. इथे त्याला ‘तोमखान’ म्हणतात, म्हणजे आधार देणारा. चार महिन्यांनी नात्यातल्या लग्नासाठी आम्ही अलिबागेला गेलो. तिथे पोचल्यावर लक्षात आले की रोजच्या दोन गोळ्यांपैकी एकीचे पाकीट घरीच राहिले. छातीत दुखत नव्हते, जिना चढताना धाप लागत नव्हती. आठ दिवसांनी काय बिघडणार, असे म्हणून आम्ही निवांत लग्न जेवलो.

परत आल्यावर कुपत खोलिममधल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंना हे सहज बोलता बोलता सांगितले. त्या आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “तुम्ही शिक्षक होतात ना? मग ही गोळी कशासाठी, हे कधी विचारले का नाही?”

खरेच, आम्ही विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले आणि पुढे वाचूनही पाहिले. आपल्या मंडळींत बसल्यावर कळते की पुष्कळांच्या छातीत असा स्टेंट आहे आणि गोळ्यांविषयी आमच्यासारखीच समजूतही आहे. म्हणून हा लेख.

फुगा आणि जाळी

शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर असते. वयाबरोबर त्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. वाट अरुंद झाली की चालताना छाती भरून येते. कधी तो थर अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. तोच झटका.

१९७७ साली झुरिक येथे डॉ. अँड्रियास ग्रुंटसिग यांनी बारीक नळीच्या टोकावरचा फुगा आत नेऊन, तो फुगवून, अशी अरुंद वाट प्रथम मोकळी केली. उपाय मोठा होता, पण सुमारे तिघांपैकी एका रोग्याची वाट काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. कोकणात विहीर खणून तशीच सोडली तर पावसाळ्यात कडा खचतात, म्हणून ती आतून दगडाने बांधून काढतात. १९८६ साली फ्रान्समधल्या तुलूझ येथे डॉ. जाक प्युएल यांनी रोहिणीला असेच आतून बांधले. आजची रीत अशी: धातूची जाळीदार नळी फुग्यावर घट्ट बसवून आत न्यायची, फुगा फुगवला की जाळी उमलून भिंतीला टेकते, मग फुगा काढून घ्यायचा. जाळी कायमची तिथेच राहते.

आता वाहिनी खचेना, पण दुसरी अडचण आली. जाळी दाबली गेल्याने भिंतीला जखम होते. जखम भरताना तिथल्या पेशी वाढतात आणि काहींच्या बाबतीत इतक्या वाढतात की जाळीच्या भोकांतून आत येऊन वाट पुन्हा अडवतात. हाताच्या जखमेवर जाड वण उठावा, तसेच हे.

बेटावरच्या मातीतले औषध

हा वण आवरणारे औषध मिळाले त्याची कथा मोठी नवलाची आहे. १९६४ साली एक कॅनेडियन मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. त्या बेटाचे तिथल्या लोकांच्या भाषेतले नाव रापा नुई. तिथून आणलेल्या मातीत एक सूक्ष्म जंतू सापडला. त्याच्यापासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत डॉ. सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे केले. सेहगल अखंड हिंदुस्थानात जन्मले आणि बनारसला शिकले. बेटावरून द्रव्याचे नाव पडले रापामायसिन. त्यालाच सिरोलिमस म्हणतात. आधी ते बुरशीवरचे औषध वाटले. पुढे कळले की ते पेशींची वाढ थोपवते, आणि मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना ते देऊ लागले.

मग हेच औषध जाळीवर चढवले तर? डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात डॉ. एदुआर्दो सौझा यांनी असा औषधी स्टेंट प्रथम माणसात बसवला. २००३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

औषधी स्टेंटचे तीन भाग असतात: धातूची जाळी, तिच्यावर बहुधा प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचा अतिपातळ लेप, आणि त्या लेपात मुरवलेले औषध. सगळे औषध मिळून एक मिलिग्रॅमही भरत नाही. पण ते जिथे हवे तिथेच आणि थोडे थोडे पाझरते. नेगेवमधल्या शेतात ठिबक नळी झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी सोडते, अगदी तसे. काही आठवडे-महिन्यांत औषध संपते, तोवर वण उठण्याचा काळ टळलेला असतो. पुन्हा वाट अरुंद होण्याचे प्रमाण यामुळे पुष्कळच खाली आले. आपल्या इस्राएलमध्येही मेडिनॉल कंपनीने असा स्टेंट तयार केला आणि २०१७ साली अमेरिकेने त्याला परवानगी दिली.

गोळीचे काम

आता डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. औषध पेशींची वाढ रोखते हे खरे, पण त्याला चांगली पेशी आणि नको ती पेशी हा भेद कळत नाही. निरोगी रोहिणीला आतून एक नाजूक अस्तर असते आणि त्या अस्तरावर रक्त गोठत नाही. ते अस्तर जाळीवर चढले पाहिजे, पण औषधामुळे तेही उशिरा चढते. तोवर उघडी धातू रक्तात असते, आणि परक्या वस्तूवर गुठळी धरणे हा रक्ताचा धर्मच आहे. जाळीत गुठळी धरली तर वाट एकाएकी पूर्ण बंद होते. असे क्वचित घडते, पण घडले तर पुष्कळदा जिवावर बेतते. आधी कसलीही सूचना मिळत नाही. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा आमचा हिशेबच चुकीचा होता.

२००६ च्या सुमारास या धोक्याने जगभरचे डॉक्टर चिंतेत पडले. मग जाळीची तार बारीक झाली. पहिल्या स्टेंटची तार सुमारे १४० मायक्रॉन जाड होती, आजच्या पुष्कळ स्टेंटची ८० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ केसाएवढी. लेपही सौम्य झाले, काही तर विरघळून जातात. धोका खूप कमी झाला, पण संपला नाही.

अस्तर चढेपर्यंत राखण करतात त्या दोन गोळ्या: एक अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. बोलताना आपण ‘रक्त पातळ करणारी’ म्हणतो. खरे तर या गोळ्या रक्तातल्या चकत्यांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. झटक्यानंतर दोन्ही गोळ्या सहसा वर्षभर देतात, आणि ठरवून बसवलेल्या स्टेंटसाठी बहुधा सहा महिने. पुढे एक गोळी चालू राहते. ज्यांना रक्तस्रावाची भीती अधिक, त्यांची मुदत डॉक्टर कमी करतात. पण मुदत त्यांनी ठरवायची, आपण नाही.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

दात काढायचा असो की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, ‘गोळी बंद करा’ असे कोणी सांगितले तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा गोळी चालू ठेवूनही दात काढता येतो.

भारतात जाताना गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा आणि औषधाचे मूळ नाव कागदावर लिहून घ्या. तीच गोळी अलिबागच्या औषधाच्या दुकानात दुसऱ्या नावाने मिळाली असती. आम्हाला मूळ नाव ठाऊक नव्हते, एवढेच.

यॉम किप्पुरच्या उपवासात गोळीचे काय करायचे हे सणाच्या आधीच डॉक्टरांना आणि रब्बींना विचारून घ्या. मनाने ठरवू नका.

क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पित्तावरची ओमेप्राझोल गोळी परस्पर घेऊ नका, तिने क्लोपिडोग्रेलचा गुण कमी होतो. गुडघेदुखीच्या इबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. शौचास काळी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

स्टेंटमुळे विमानतळावर शिट्टी वाजत नाही. एम.आर.आय. बहुधा करता येतो, पण स्टेंटचे कार्ड जवळ ठेवा आणि आधी दाखवा.

शेवटची गोष्ट. झटक्याच्या वेळी स्टेंट जीव वाचवतो. चालताना येणारे दुखणेही तो कमी करतो. पण मूळ रोग साऱ्या रोहिण्यांत असतो आणि स्टेंट असतो एकाच जागी. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब, साखर, रोजचे चालणे आणि सिगारेट सोडणे यांना सुट्टी नाही. छातीत पुन्हा दुखू लागले तर शेजाऱ्याला हाक मारत बसू नका, सरळ १०१ ला फोन करा.

आमचे त्या आठ दिवसांत काही बिघडले नाही, ही देवाची कृपा. आता पाकीट चहाच्या डब्याशेजारी असते, आणि गोळीचे नाव आम्हाला पाढ्यांसारखे पाठ आहे. तुमच्या गोळीचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? आज उठून पाहा, मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात ठेवा.

आपण सर्वांनी १२० वर्षे सुखाने जगावे, हीच इच्छा.