कॉम्प्युटरमधला मुनीम बदलतो तेव्हा

वऱ्हाडात कापडाचे दुकान मुनिमावाचून चालत नसे. मालकाने गादीवरून म्हणावे, "परतवाड्याच्या पार्ट्यांची उधारी काढा," आणि मुनिमाने नेमकी तीच खतावणी उघडावी. आता दुकानोदुकानी कॉम्प्युटर आले. मुनीम मात्र गेलेला नाही, तो पडद्याच्या आत जाऊन बसला आहे.

बिलाचा प्रोग्राम आणि हिशेबाचा साठा, म्हणजे डेटाबेस, यांची भाषा एक नसते. डेटाबेसला बहुधा एसक्यूएल ही भाषा कळते. प्रोग्राम बांधणारा कारागीर दुसऱ्या भाषेत लिहितो. रूबी ही अशीच एक भाषा, जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेली. मधे दुभाष्या लागतो, आणि त्यासाठी तयार लायब्ररी मिळतात. रूबीत अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड आणि सीक्वेल या दोन नावाजलेल्या आहेत. दोन्ही मोफत मिळतात. त्यांच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात, सीक्वेलची तर साधारण दर महिन्याला. नवी आवृत्ती आली की खतावण्या त्याच राहतात, पण मुनिमाचे काही नियम बदलतात.

आमचे अमरावतीला किरकोळ आणि अकोल्याला ठोक काम. प्रोग्राम एका होतकरू मुलाने रूबीत बांधून दिलेला. एका रविवारी त्याने अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डची जुनी आवृत्ती काढून नवी बसवली. सोमवारपासून अकोल्याची काही तक्रार नाही. अमरावतीलाही बिले छापली जात होती, गल्ला भरत होता. लग्नसराईची गर्दी म्हणून रोजमेळ मिळवणे आम्ही आठवड्यावर टाकले होते, ही गफलत आमची. चौथ्या दिवशी एक बाई ड्रेसचे कापड बदलायला आल्या. त्यांच्या बिलाचा नंबर टाकला तर पडद्यावर भलत्याच गिऱ्हाइकाचे शर्टिंग! मग गल्ला आणि विक्री पडताळली. नगदीचे एकही बिल साठ्यात गेलेले नव्हते.

कारण असे निघाले. अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड हा रेल्स या मोठ्या साच्याचा भाग आहे. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी तो २००४ मध्ये खुला केला. २०१६ च्या रेल्स ५.० पासून नियम आला की, एखादी नोंद दुसऱ्या नोंदीशी बांधलेली असेल, तर ती दुसरी नोंद असलीच पाहिजे. म्हणजे बिल ग्राहकाशी बांधलेले असेल तर ग्राहकाशिवाय बिल जमा होणार नाही. नव्या कामात हा नियम आपोआप लागतो, जुन्या कामात मुद्दाम चालू करावा लागतो. त्या मुलाने नवे सगळेच नियम एकदम चालू केले. अकोल्याला प्रत्येक बिल पार्टीच्या नावाचे, म्हणून तिथे अडले नाही. किरकोळीत नगदी गिऱ्हाइकाचे नाव कोण लिहितो? साध्या 'सेव्ह'च्या हुकमाला नकार मिळाला तरी प्रोग्राम थांबत नाही, फक्त 'नाही' असे उत्तर येते. ते उत्तर आमच्या प्रोग्रामने वाचलेच नाही आणि बिल छापून मोकळा झाला. पुढचा नंबर साठ्यातल्या शेवटच्या बिलावरून निघायचा, म्हणून एकच नंबर चार-चार गिऱ्हाइकांच्या हाती गेला. शिलाई कारखानदारांनीही हे ध्यानात घ्यावे. कारागिराला दिलेली उचल ऑर्डरशी बांधलेली असेल आणि ऑर्डर नंबर टाकला नसेल, तर तीही अशीच गळेल.

ही बाब हलकी नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर क्रमवार आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो, फार तर १६ अक्षरांचा. हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. तोवर मुनीम कितीदा बदलेल ते सांगता येत नाही.

सीक्वेलचा एक बदल असाच. बिल आणि रक्कम या शब्दांमध्ये दोन खालच्या रेघा दिल्या की बिलाच्या तक्त्यातला रकमेचा रकाना, असा अर्थ ती आपोआप घेत असे. सप्टेंबर २०१७ च्या ५.० आवृत्तीत हे बंद झाले, जुनी रीत हवी तर मागून घ्यावी लागते. ४ च्या शेवटच्या आवृत्त्या तसा इशारा आधीच देत होत्या. पण इशारा पडतो कारागिराच्या पडद्यावर, मालकाला त्याची खबर नसते.

मग जुनेच चालू ठेवावे, असे काही बंधू म्हणतात. तेही धोक्याचे. जानेवारी २०१३ मध्ये अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डच्या तेव्हाच्या आवृत्त्यांत एक भोक सापडले. त्यातून बाहेरचा माणूस आपला एसक्यूएल हुकूम घुसवू शकत होता. दुरुस्ती नव्या आवृत्तीतच मिळाली.

तेव्हा प्रोग्रामवाल्याला आधी विचारा की आवृत्तीसोबतचे बदलांचे टिपण वाचले का. साठ्याची नक्कल काढून नवी आवृत्ती आधी तिच्यावर चालवायला लावा. त्या नकलेवर एक नगदी बिल, एक उधारीचे, एक परतीचे आणि एक गेल्या वर्षीचे, एवढे तरी स्वतः समोर बसून काढा. आवृत्त्यांचे आकडे जेमफाइल डॉट लॉक या फायलीत लिहिलेले असतात, तिची जुनी प्रत ठेवायला सांगा म्हणजे मागे फिरता येते. आणि हे काम सीझनमध्ये करू देऊ नका.

आमच्याकडे त्या मुलाने ग्राहकांच्या यादीत 'नगदी' नावाचे खाते उघडले, जसे जुन्या वहीत असायचे. चार दिवसांची विक्री ठाण मोजून आणि यूपीआयच्या नोंदी लावून परत उभी केली. सोळा मीटर अस्तराचा हिशेब अजून लागलेला नाही.