काउंटी आणि अपराधपीडित

फौजदारी खटल्याला दोनच पक्ष असतात : एका बाजूस राज्य, दुसऱ्या बाजूस आरोपी. ज्याचे घर फोडले गेले, ज्याला मारहाण झाली किंवा जिचा मुलगा मारला गेला, ती व्यक्ती या खटल्यात पक्षकार नसते. तिची गरज भासते ती साक्षीपुरती. इंग्रजी विधिपरंपरेतून आलेली ही व्यवस्था भारताप्रमाणे अमेरिकेतही आहे, आणि खाजगी सूडाला आळा घालण्याच्या दृष्टीने ती योग्यच म्हटली पाहिजे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, अपराधपीडिताची विचारपूस करणे हे कोणाचेच काम राहिले नाही. अमेरिकेत ही उणीव भरून काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी बरेचसे काउंटीच्या पातळीवर झाले.

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. मात्र हे साम्य फार ताणू नये. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेनुसार लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीवर होती, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत अवघी ६४ माणसे होती. आपला जिल्हाधिकारी सरकारने नेमलेला असतो. काउंटीचे शेरीफ आणि सरकारी वकील हे बहुतेक ठिकाणी मतदारांनी निवडलेले असतात. मुंबई-कोलकात्यात शेरीफ हे मानाचे पद होऊन बसले. तेथे मात्र तो पोलिसांचा प्रमुख असतो आणि बहुधा तुरुंगही चालवितो. तुरुंग, खटले चालविणारा सरकारी वकील, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कॉरोनर, हे सारे एकाच काउंटीच्या छत्राखाली असल्यामुळे अपराध घडल्यावर सामान्य माणसाची शासनाशी गाठ पडते ती येथेच.

पीडितांना राज्याच्या तिजोरीतून नुकसानभरपाई देण्याचा अमेरिकेतील पहिला कायदा कॅलिफोर्नियाने १९६५ मध्ये केला. तथापि पैसा मिळण्याची सोय होणे आणि हाताला धरून कोणी कचेरीत नेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीचा आरंभ १९७४ च्या सुमारास झाला. त्या वर्षी केंद्रशासनाच्या अनुदानातून मिलवॉकी, ब्रुकलिन इत्यादी ठिकाणच्या सरकारी वकिलांच्या कचेऱ्यांत पीडित व साक्षीदार यांच्यासाठी साहाय्य विभाग उघडण्यात आले. यामागील प्रेरणा केवळ करुणेची नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. साक्षीदार न्यायालयात येईनासे झाले होते. तारीख पुढे ढकलल्याचे त्यांना कोणी कळवीत नसे, दिवसाची मजुरी बुडे, आणि बाहेरच्या बाकावर आरोपीच्या नातलगांशेजारीच बसावे लागे. साक्षीअभावी खटले कोसळू लागल्यावर साक्षीदारही माणूस आहे, याची आठवण झाली.

या विभागातील साहाय्यक करतो ती कामे दिसायला किरकोळ असतात. तो तारखा कळवितो, साक्षीच्या दिवशी सोबत जातो, मालकाला रजेसाठी पत्र लिहून देतो, नुकसानभरपाईचा अर्ज भरून देतो. या भरपाईतून औषधोपचार, मानसोपचार, बुडालेले वेतन, अंत्यसंस्कार यांचा खर्च मिळू शकतो. चोरीस गेलेली वस्तू सहसा भरून मिळत नाही. आरोपीला शिक्षा झालीच पाहिजे, किंबहुना तो सापडलाच पाहिजे, अशी अट नसते. मात्र विम्यातून किंवा अन्यत्र जे मिळणार नाही तेवढेच येथून मिळते, आणि पोलिसांना सहकार्य करण्याची अपेक्षा बहुतेक ठिकाणी असते.

काउंटीने उचललेले पाऊल पुढे देशभर कसे जाते, याची दोन उदाहरणे आहेत. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो काउंटीचे मुख्य परिवीक्षा अधिकारी जेम्स रोलंड यांनी १९७६ मध्ये असा विचार मांडला की, शिक्षा ठरविताना न्यायाधीशापुढे आरोपीचे पूर्वायुष्य, कुटुंब, स्वभाव हे सारे येते, मग अपराधामुळे पीडिताचे काय झाले हे का येऊ नये? त्यातून पीडिताच्या निवेदनाची प्रथा सुरू झाली. मृत्युदंडाच्या खटल्यांत अशी निवेदने सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये नाकारली आणि १९९१ मध्ये आपलाच निर्णय फिरवून स्वीकारली. शोक करणारे कुणी ज्याच्या मागे नाही त्याच्या खुनाची किंमत कमी ठरावी काय, हा आक्षेप मात्र अजून निरुत्तर झालेला नाही.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहर जेफर्सन काउंटीत येते. तेथील एका तरुणीवर बलात्कार केल्याच्या आरोपाखाली तिचा पूर्वीचा मित्र तुरुंगात होता. तो सुटला तर आम्हांला कळवा, अशी विनंती करण्यात आली होती. १९९३ च्या डिसेंबरात त्याला जामीन मिळाला. निरोप कोणीच दिला नाही. त्याने तिला गोळ्या घालून ठार केले, तो तिचा एकविसावा वाढदिवस होता. पुढल्याच वर्षी त्या काउंटीने, कैदी सुटताच नोंदविलेल्या क्रमांकावर आपोआप दूरध्वनी जाईल अशी यंत्रणा उभारली. आज ती बहुतेक राज्यांत पोहोचली आहे.

या सेवांचा मोठा आधार म्हणजे १९८४ च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेला निधी. तो करांतून नव्हे, तर केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरलेल्यांच्या दंडांतून जमतो. कल्पना आकर्षक आहे, परंतु दंडाची रक्कम दरवर्षी सारखी नसते. २०१८ मध्ये या निधीतून खर्चास सुमारे ४४० कोटी डॉलरची मर्यादा होती. २०२४ मध्ये ती १३५ कोटींच्या आसपास आली. पीडितांची संख्या दंडाच्या वसुलीप्रमाणे कमीजास्त होत नाही, आणि धनको काउंटी स्वतःच्या खजिन्यातून जी भर घालू शकते ती गरीब काउंटीला परवडत नाही.

भारतात २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ हे कलम आले आणि भरपाईची रक्कम ठरविण्याचे काम विधी सेवा प्राधिकरणांकडे गेले; २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. प्राधिकरण हे सरकारी वकिलाची कचेरी नव्हे, हा भेद महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील साहाय्यक जेव्हा सरकारी वकिलाच्या कचेरीत बसतो तेव्हा तो अभियोगपक्षाचाच भाग ठरतो. पीडिताने विश्वासाने सांगितलेली एखादी गोष्ट आरोपीला उपकारक असेल, तर ती बचावपक्षाला कळविणे कायद्याने भाग पडू शकते. स्वयंसेवी संस्थेतील समुपदेशकाशी झालेले बोलणे अनेक राज्यांत गोपनीय मानले जाते. म्हणून काउंटीतील चांगला साहाय्यक पहिल्याच भेटीत, अर्ज पुढे करण्याआधी, समोरच्या व्यक्तीला हा फरक समजावून सांगतो.