घोडीचा कॅल्शियमचा जमाखर्च

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. तेथे घोडी घेणारा प्रथम तिचा जबडा उघडून दात पाहतो. दातांच्या झिजेवरून वय ओळखतात, हे तुम्ही ऐकले असेल. वय कळले की घोडी आणखी किती वर्षे शिंगरे देईल, याचाही अंदाज येतो. आता वयाचा आणि शिंगरू पोसण्याचा संबंध काय? मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. घोड्यांतले मला फारसे कळत नाही. पण जमाखर्च कळतो, आणि हा प्रश्न बराचसा जमाखर्चाचाच आहे.

समजा, घोडी ५०० किलोग्रॅम वजनाची आहे. व्याल्यावर ती रोज वजनाच्या सुमारे ३ टक्के, म्हणजे १५ किलोग्रॅम दूध देते. शिंगरू दिवसभर थोडे थोडे पीत राहते, म्हणून एवढे दूध आपल्या नजरेत येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत किलोग्रॅमभर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. करा गुणाकार : रोज १८ ग्रॅम. आता तिच्या रक्तात पाहू. रक्तद्रव सुमारे २५ लिटर, दर लिटरमध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. एकूण झाले ३ ग्रॅम! रक्तात एका वेळी जेवढे असते त्याच्या सहापट कॅल्शियम रोज दुधावाटे निघून जाते, आणि तरी रक्तातील पातळी जवळजवळ ढळत नाही. ती फार खाली गेली तर स्नायूंना झटके येऊ लागतात आणि हृदयाची लय बिघडते.

ही पातळी राखते कोण? गळ्याजवळच्या छोट्या परावटु ग्रंथी. विजेच्या इस्त्रीतला तापनियंत्रक आठवा. इस्त्री थंड झाली की तो प्रवाह सुरू करतो. तसेच रक्तातील कॅल्शियम किंचित घटले की या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. त्याच्या हुकमाने हाडांतून कॅल्शियम सुटते आणि मूत्रपिंडे ते बाहेर जाऊ देत नाहीत. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम सांगाड्यात असल्यामुळे उसनवारीला जागा भरपूर! दूध ऐन भरात असताना घोडीच्या हाडांतील खनिज काहीसे घटते आणि दूध कमी झाले की भरून निघते. घोड्याची आणखी एक गंमत म्हणजे तो चाऱ्यातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो आणि उरलेले मूत्रावाटे टाकतो. त्याचे मूत्र गढूळ दिसते ते यामुळेच. तो गढूळपणा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे आपल्या खडूच्या दगडाचा.

खाल्लेल्यापैकी निम्मे कॅल्शियम अंगी लागते असे धरले, तर दुधासाठी रोज ३६ ग्रॅम आणि स्वतःसाठी २०, मिळून ५६ ग्रॅम हवे. अमेरिकेतील २००७ सालच्या आहारतक्त्यात व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी ५९ ग्रॅम दिले आहेत. आपले गणित अगदीच चुकले नाही म्हणायचे! घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते, पण शिंगराची हाडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतात. त्या काळासाठी तक्ता ३६ ग्रॅम सांगतो.

येथे प्रेमळ मालक हमखास चुकतो. गाभण घोडीला तो गव्हाचा कोंडा भरपूर घालतो. कोंड्यात फॉस्फरस पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. जास्त फॉस्फरस कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणतो, परावटु ग्रंथी सतत चेतलेल्या राहतात आणि हाडे पोखरली जातात. जबड्याची हाडे तर फुगून मऊ होतात. युरोपात पिठाच्या गिरणीवरच्या घोड्यांत हे दिसे, म्हणून त्याला गिरणीवाल्याचा रोग म्हणत.

दुष्फेन पाण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. त्याचा उपयोग पागेतही होतो. घोड्या बहुधा रात्री वितात, आणि अडली तर वेळेवर मदत हवी. म्हणून रोज रात्रभर जागायचे का? विण्याच्या आधी कासेतील द्रवात सोडियम घटते, पोटॅशियम वाढून त्याच्यापुढे जाते आणि कॅल्शियम झपाट्याने चढते. तेव्हा त्या द्रवाचे थेंब शुद्ध पाण्यात मिसळून, पाण्याचा दुष्फेनपणा मोजणारी कागदी पट्टी बुडवतात आणि जागरणाची रात्र ठरवतात!

आता वयाकडे वळू. तीन-चार वर्षांची घोडी अजून स्वतःच वाढत असते. तिच्या हाडांत खनिजांची देवघेव जलद चालते, पण एका चंदीत दोन सांगाडे भरायचे असतात. पहिलटकरणीचे शिंगरू बहुधा हलकेच असते. पंधरा वर्षांपुढे अडचणी वेगळ्या. अंडाशयातली बीजे संपत येतात, म्हणून मेंदूखालची पियुषिका ग्रंथी त्यांना चेतवणारे संप्रेरक अधिक सोडू लागते. जणू हाकेला ओ येत नाही, म्हणून ती आवाज चढवते. गर्भाशयाच्या अस्तरातील रक्तवाहिन्या कठीण होतात आणि गर्भाला पोषण कमी पोचते. हाडांतील देवघेवही मंदावलेली असते.

आणि दात! बाजारात वय सांगणारी तीच झीज म्हातारपणी चारा नीट चावू देत नाही. न चावलेल्या चाऱ्यातले खनिज पुरते अंगी लागत नाही. म्हणून जाणकार लोक म्हाताऱ्या गाभण घोडीला कॅल्शियमयुक्त लसूणघास बारीक कापून घालतात, चंदी भिजवून देतात आणि वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दातांची धारदार टोके कानशीने घासून घेतात.