शेत गेलं, लोंबी राहिली

ऑक्टोबरचा पहिला रविवार. मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या जुन्या गावठाणात बँड वाजू लागतो. लुगडं नेसलेल्या बायका पुढे चालतात, कुणाच्या तरी हातात नव्या भाताच्या लोंब्यांची जुडी असते. चर्चमध्ये फादर त्या लोंब्यांवर आशीर्वाद मागतात. मग एकेक लोंबी घरोघर जाते आणि घरातल्या आल्तारापाशी, म्हणजे प्रार्थनेच्या जागी, वर्षभर राहते. हा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा सण, आगेरा.

मुंबई, साष्टी आणि वसईच्या या मूळ रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव 1887 साली घेतलं. नाव इंग्रजी, पण घरातली बोली मराठी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट भातशेतीवर.

आता बायबल उघडून बघा. लेवीय या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात आज्ञा आहे: कापणीला लागाल तेव्हा पहिली पेंढी याजकाकडे न्या, ती वाहिल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालू नका. ती पेंढी होती सातूची. बायबलमधल्या इस्राएल देशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि सातू वल्हांडण सणाच्या सुमारास, वसंतात पिकतो. त्याच दिवसांत आपली खाचरं भेगाळलेली असतात. आपलं हळवं भात पिवळं होतं ते पावसाळा सरताना. म्हणून हजारो वर्षांपूर्वीची, दूरदेशीची आज्ञा इथं आली तेव्हा तिचा महिना बदलला आणि धान्यही बदललं. सातूची पेंढी भाताची लोंबी झाली. वचन तेच राहिलं, पंचांग मात्र आपल्या पावसानं ठरवलं! आणि या मातीला ते परकं वाटलंच नाही. दारावर नव्या लोंब्यांचं तोरण बांधणारा, नवान्न करणारा कोकण शेजारीच होता.

अनुवाद या पुस्तकाचा 26वा अध्याय आणखी पुढे जातो. पहिल्या फळांची टोपली घेऊन येणाऱ्यानं नुसती टोपली ठेवून परत फिरायचं नाही, एक गोष्ट सांगायची: माझा पूर्वज भटका होता, आम्ही परक्या देशात गुलाम होतो, देवानं सोडवून ही जमीन दिली. नव्या दाण्याबरोबर जुनी आठवणही वाहायची. आणि मग त्या दिवसाच्या आनंदात आपल्यात राहणाऱ्या परक्यालाही सामील करून घ्यायचं. पुढे संत पौलानं हाच शब्द उचलला. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात तो उठलेल्या ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’ म्हणतो. एक लोंबी पिकली म्हणजे मागचं सगळं शेत पिकणार, हा शेतकऱ्याचा भरवसा त्यानं थेट मरणासमोर उभा केला.

पण शेतच उरलं नाही तर? अंधेरीत सीप्झ या उद्योगक्षेत्राच्या आवारात सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. 1579 साली बांधलेलं हे देऊळ 1840च्या साथीनंतर ओस पडलं आणि वस्ती मरोळकडे सरकली. जिथं खाचरं होती तिथं आज दागिने घडतात, संगणकांवर काम चालतं. तरीही आगेरा थांबलेला नाही. गावठाणात भात पिकत नसेल, तर जिथं अजून पिकतं तिथून लोंब्या येतात.

मला सर्वांत थक्क करतं ते लेवीयच्या त्याच अध्यायातलं 22वं वचन. शेताचे कोपरे कापू नका, खाली पडलेली कणसं वेचू नका. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. म्हणजे देवाला पेंढी वाहिली की काम संपलं असं नाही. देवाचा वाटा चर्चमध्ये, आणि माणसाचा वाटा बांधावर. दोन्ही एकाच पिकातून.

दोन खोल्यांच्या घराला बांध कुठला? पण पगाराला कोपरा असतो. रविवारच्या दुपारीला असतो. जेवणाच्या पानावर एका माणसापुरता असतोच. महिन्याच्या अखेरीस उरलं तर द्यायचं, ही झाली उरल्यासुरल्याची गोष्ट. वचन सांगतं, कापायच्या आधीच ठरवा की एवढं माझं नाही.

आल्तारावरची लोंबी वर्षभरात वाळते, तिचे दाणे गळतात. पुढच्या ऑक्टोबरात नवी येईपर्यंत ती तिथंच असते, पगाराच्या दिवशीसुद्धा.